कौलारू छपरातील पक्ष्यांची घरटी

कौलारू छपराच्या फटींत व वळचणीत चिमणी, साळुंकी, पारवा इत्यादी पक्षी घरटी करतात. छपराचे नुकसान टाळण्यासाठी त्यांचे प्रवेशमार्ग बंद केले जातात. हे काम घरटी रिकामी असतानाच करणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी
सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्याने तेथील पारंपरिक घरे मुख्यत्वे माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट धाब्याची असत. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे सुरू केला. पुढे ही कौले महाराष्ट्रातही रूढ झाली.

घरट्यांच्या जागा
नळीच्या कौलांची अर्धगोल तोंडे वळचणीपाशी उघडी राहतात. मंगलोरी कौले खाचांनी एकमेकांत बसतात. तथापि आढ्यावरील कौल निखळल्यास किंवा भिंत व वासे यांत अंतर राहिल्यास पक्ष्यांना वाट मिळते. चिमणीला सुमारे ३ सेंमी रुंदीची फट पुरते.

परिणाम
साठलेल्या गवत-काड्यांमुळे पाण्याचा निचरा अडतो, छप्पर गळते आणि रिपा कुजतात. विजेच्या तारांजवळील सुके गवत आगीस कारण ठरू शकते.

कामाचा काळ
घर शाकारण्याचे काम परंपरेने पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्यात होते. चिमणी व साळुंकी यांच्या विणीचा हंगामही त्याच सुमारास असतो. त्या वेळी फटी बुजविल्यास पिल्ले आत कोंडून मरतात. म्हणून फटी बुजविण्यास हिवाळ्याचा प्रारंभ अधिक योग्य होय. पारवा वर्षभर वीण करीत असल्याने प्रत्येक फट आधी तपासावी लागते. घरट्यात अंडी आढळल्यास थांबणे इष्ट असते. चिमणीची पिल्ले अंडी घातल्यापासून साधारण महिनाभरात उडून जातात.

उपाय
जुने घरटे काढून फुटकी कौले बदलतात. आढ्यावरील कौले चुन्यात वा सिमेंटमध्ये पक्की बसवितात. वळचणीची तोंडे बारीक छिद्रांच्या जाळीने झाकल्यास हवा खेळती राहते. कापड वा कागद कोंबणे टिकाऊ ठरत नाही.

कायदा व पर्यायी निवारा
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अनुसूचीतील पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे ‘शिकार’ या व्याख्येत येते. चिमणी आपल्या पिल्लांना मुख्यतः कीटक भरवीत असल्याने ती शेतीस उपकारक आहे. छपरातील वाट बंद करताना सावलीच्या भिंतीवर सुमारे ३ सेंमी व्यासाच्या छिद्राची लाकडी पेटी टांगल्यास तिला पर्यायी जागा मिळते.