कणसाच्या पानांत बांधलेला इतिहास



गांजा हा शब्द उच्चारला कीं सभ्य घरांत भुंवया वर चढतात. बैराग्याची चिलीम, देवळामागचा अंधार आणि पोलिसांचा छापा एवढीं तीनच चित्रें त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्या व्यसनाची तरफदारी करण्याचा माझा हेतु नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों. परंतु व्यसनाचा निषेध करणें आणि वनस्पतीचा इतिहास जाणणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आज आपण आफ्रिकेंतील मलावी देशाकडे वळूं. कारण तेथील शेतकऱ्यांनीं या वनस्पतीस जें रूप दिलें, त्या वीतभर जुडींत तीन खंडांचा इतिहास बांधलेला आहे.

मलावी हा समुद्र नसलेला, परंतु एका प्रचंड सरोवराच्या कांठीं लांबट पसरलेला देश. १९६४ पर्यंत तो न्यासालँड या नांवानें इंग्रजांच्या अमलाखालीं होता. तेथें गांजाला 'चांबा' म्हणतात, आणि सरोवराच्या पश्चिम तीरावरील न्खोटाकोटा जिल्हा त्यासाठीं विशेष प्रसिद्ध आहे. झाडाचे फुललेले शेंडे तोडून ते अर्धवट सुकवावयाचे, मक्याच्या कणसावरच्या पानांत घट्ट गुंडाळावयाचे आणि सालीच्या दोरीनें आवळून बांधावयाचे, ही तेथील जुनी रीत. तयार झालेली जुडी हुबेहूब कणसासारखी दिसते. म्हणून परदेशी लोक तिला 'मलावी कॉब', म्हणजे मलावीचें कणीस, म्हणूं लागले.

ही जुडी मग उबेंत मुरत ठेवतात. कोणी उन्हांत, कोणी मातीखालीं पुरून. आपल्याकडे आंब्याची अढी घालतात, तिची ही दूरची बहीण म्हणावयास हरकत नाहीं. आंत कोंडलेली ओल आणि ऊब आपलें काम करितात. पानांतील हिरवें द्रव्य व साखर यांचें विघटन होतें, रंग तपकिरी होतो आणि कच्च्या पाल्याचा उग्र दर्प निवतो. तंबाखू मुरवितांना घडणारी क्रिया थोडीबहुत याच जातीची. मुरल्यानें मालाचा जोर वाढतो अशी समजूत आहे. रसायनशास्त्र सांगतें कीं, उष्णतेनें कांहीं घटक मादक रूपांत येतात हें खरें. पण फार काळ लोटल्यास तोच मादक अंश हळूहळू क्षीणही होतो. जुडीचा व्यावहारिक उपयोग निराळाच. चुरा सांडत नाहीं, लांबच्या प्रवासांत माल टिकतो आणि तराजूवांचून विक्री करतां येते. जुडी हेंच माप व जुडी हेंच बासन.

आतां हिच्या घटकांची वंशावळ पाहूं. वरचें वेष्टन मक्याचें. मका मूळचा अमेरिकेचा. कोलंबसाच्या सफरीनंतर तो आफ्रिकेंत आला. आंतील वनस्पति आशियाची. ती आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिंदी महासागराच्या व्यापारांतून गेली, याची साक्ष तिचें नांवच देतें. स्वाहिली भाषेंतील 'बांगी' हा शब्द आपल्या 'भांग' शब्दाचेंच रूप आहे. गोव्यांत राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं तेथेंच छापलेल्या आपल्या ग्रंथांत या 'बांग'चें वर्णन केलें, आणि झुआंव दुश सांतुश या धर्मोपदेशकानें आग्नेय आफ्रिकेंतील लोकांमध्यें तिचा वापर पाहून १६०९ सालच्या ग्रंथांत त्याच नांवानें ती नोंदली.

मात्र आफ्रिकेनें केवळ घेतलें, दिलें कांहीं नाहीं, असें समजूं नये. आपल्याकडील जुनी चाल भांग घोटून पिण्याची वा खाण्याची. इथिओपियांत सापडलेल्या आणि चौदाव्या शतकांतील मानल्या गेलेल्या चिलमींत मात्र या वनस्पतीचे अवशेष आढळले आहेत. म्हणजे अमेरिकेची तंबाखू पोंचण्यापूर्वींच धूर ओढण्याची रीत तेथें होती. तिसरा घटक आफ्रिकेचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा: हातांचें कसब. परकें बीं आणि परकें पान यांची सांगड घालून त्यांतून स्वतःची वस्तु निर्माण करणें, हें त्या शेतकऱ्याचें कर्तृत्व होय.

असें असूनही या कसबाचा लेखी इतिहास इतका तुटपुंजा कां? याचें उत्तर शोधावयाचें तर कायद्याकडे वळावें लागतें. ब्राझिलमध्यें रिओ नगरपालिकेनें १८३० सालीं 'पांगो'च्या चिलमीवर बंदी घातली आणि ओढणाऱ्या गुलामास तीन दिवसांची कैद ठरविली. आफ्रिकेच्या दक्षिणेस नाताळ वसाहतींत १८६० पासून हिंदी मजूर करारानें नेले जाऊं लागले. १८७० च्या कायद्यानें त्यांना गांजा ओढण्यास व बाळगण्यास मनाई झाली. दोन्हीं ठिकाणीं कायद्याची दृष्टि झाडापेक्षां तें हातीं धरणाऱ्या माणसाकडे अधिक होती. मजुरानें शुद्धीवर राहून राबावें, हा त्यांतील मुख्य हेतु.

हिंदुस्थानांत याच इंग्रज सरकारनें निराळा मार्ग धरला. १८९३ सालीं नेमलेल्या चौकशी आयोगानें १,१९३ साक्षी नोंदविल्या आणि बेताच्या सेवनापासून सामान्यतः मोठी हानि होत नाहीं, सबब सरसकट बंदी योग्य नव्हे, असा निर्णय दिला. गांजावर सरकारचा कर होता. त्यामुळें त्याची लागवड, तोडणी, सुकवणी यांची बारीक माहिती गोळा झाली. आपल्या अहमदनगर जिल्ह्यांतील शेती आणि बंगालमधील राजशाहीकडे गांजा पायांनीं तुडवून चपटा करण्याची रीत, दोन्हीं त्या अहवालांत आलीं. न्खोटाकोट्याच्या जुडीच्या नशिबीं असा कोणी लेखनिक आला नाहीं. जेथें सरकारनें कर घेतला तेथें कसब कागदावर उतरलें. जेथें केवळ बंदी आली तेथें तें हातांतच राहिलें.

१९२३ मध्यें दक्षिण आफ्रिकेनें राष्ट्रसंघास पत्र लिहून ही वनस्पति घातक द्रव्यांत गणावी असें सुचविलें, आणि १९२५ च्या जिनीव्हा करारांत तिचा समावेश झाला. पुढच्याच वर्षीं, १९२६ सालीं, न्यासालँडमध्यें आफ्रिकन शेतकऱ्यांच्या तंबाखूसाठीं सरकारी मंडळ स्थापन झालें. पहा, एकाच मुलुखांत दोन पानें मुरविलीं जात होतीं. एकाला लांकडाची धुरी देऊन तें विलायतेस रवाना होई, आणि त्याची नोंद निर्यातीच्या वहींत पडे. दुसऱ्याची नोंद फौजदारी दप्तरांत. तंबाखूनें माणसाचें किती नुकसान केलें, हें आज घरोघरीं ठाऊक आहे. तेव्हां ही विभागणी आरोग्याच्या तराजूंत तोलून झाली होती, असें म्हणणें कठीण.

अलीकडे वारा फिरला आहे. लेसोथोनें २०१७ सालीं औषधी लागवडीस परवाना दिला. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानें २०१८ सालीं प्रौढ व्यक्तीचा खाजगी जागेंतील वापर गुन्हा नव्हे असें ठरविलें. मलावीनें २०२० सालीं औषधी व औद्योगिक लागवडीसाठीं कायदा केला. परंतु परवाना, कुंपण, तपासणी आणि प्रयोगशाळा यांचा खर्च भांडवलवाल्यास पेलतो. कोयता व खुरपें एवढीच ज्याची मालमत्ता, त्यास तो पेलणें अवघड. पिढ्यान्‌पिढ्या धोका पत्करून ज्यानें बीं राखलें आणि जुडी बांधण्याची रीत मुलाच्या हातीं दिली, तोच नव्या बाजारांत दाराबाहेर राहण्याचें भय आहे.

आपल्या देशांत १९८५ च्या कायद्यान्वयें परवान्यावांचून या झाडाची लागवड करणें व गांजा बाळगणें गुन्हा आहे, आणि या भाषणानें त्यांत कोणास सूट मिळत नाहीं! परंतु कायदा बरा कीं वाईट, हा प्रश्न एकीकडे ठेवला तरी इतिहासाचें एक कर्तव्य उरतें. जें कसब दप्तरांत केवळ गुन्हा म्हणून उरलें, तें माणसांचें ज्ञानही होतें, एवढें लिहून ठेवणें. न्खोटाकोट्याच्या वृद्ध शेतकऱ्यांकडून तें ऐकून घेणारा कोणी तरी, ते हात थकण्यापूर्वीं तेथें पोंचावा.