हमीवर धावणारी गाडी

12 फेब्रुवारी 2016 रोजी दिल्लीत नॅशनल हाय स्पीड रेल कॉर्पोरेशन नावाची कंपनी नोंदवली गेली. पाचच दिवसांनी, 17 तारखेला, केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रयोगशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. यातली प्रयोगशाळा आमच्या वाट्याला आली, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा गावी. प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही बारीक हालचाल मोजायची तर आजूबाजूची जमीन शांत लागते, आणि हिंगोली जिल्ह्याएवढी शांतता शास्त्रज्ञांना दुसरीकडे सहज सापडेना. ताशी 320 किमीच्या बुलेट ट्रेनचा वेग मुंबई-अहमदाबादला, शांतता हिंगोलीला. थट्टेचा भाग सोडला तरी एक गोष्ट उरतेच. त्या वेगवान कंपनीचे आपणही भागीदार आहोत.

कंपनीच्या भांडवलात केंद्राचा वाटा 10,000 कोटी आणि महाराष्ट्र व गुजरात यांचा प्रत्येकी 5,000 कोटी. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11.24 कोटी धरली, तर माणशी सुमारे 445 रुपये होतात. हिंगोली जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या पावणेबारा लाख. म्हणजे वसमतच्या हळद उत्पादकापासून सेनगावच्या शेतमजुरापर्यंत सगळ्यांचा मिळून 52 कोटींचा वाटा त्या गाडीत आहे. भागीदाराने धंद्याचा हिशेब विचारला तर त्याला कुणी विकासविरोधी म्हणू नये, इतकीच अपेक्षा.

या मुलखात हा हिशेब पूर्वीही विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली होती.

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग 1874 मध्ये सुरू झाला होता. तो पुढे वरंगळ आणि चांद्याकडे न्यायचा, त्यासाठी लंडनमध्ये कंपनी काढायची, असा बेत 1883 मध्ये पक्का झाला. कंपनीने भांडवल तिकडच्या बाजारात उभारायचे आणि त्यावर वर्षाला 5% परतावा मिळेल अशी 20 वर्षांची हमी निजाम सरकारने द्यायची. कंपनीच्या नावातच ते होते: निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. गाडी भरून धावली तर भागधारकांचे नशीब, रिकामी धावली तर रयतेचा शेतसारा. या अटी लोकांपुढे मांडा, त्यांची उघड चर्चा होऊ द्या, अशी मागणी करणाऱ्यांत डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय पुढे होते. सरोजिनी नायडूंचे हे वडील हैदराबादेतले नामवंत शिक्षक. त्यांना संस्थानातून हद्दपार करण्यात आले. इतिहासात हे प्रकरण ‘चांदा रेल्वे’ म्हणून ओळखले जाते. चांद्याकडचा काझीपेठ ते बल्लारशा हा दुवा जुळायला मात्र 1929 उजाडले. हमी घेताना आज आणि रूळ टाकताना उद्या, हा रिवाज तेव्हापासूनचा आहे.

अर्थात त्या रेल्वेला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग 1901 पर्यंत मनमाडला भिडला आणि मराठवाड्याच्या कापसाला मुंबईची वाट मिळाली. पूर्णा-हिंगोली फाटा 1912 मध्ये आला. छावणीचे गाव असलेली हिंगोली त्यानंतर कापसाची पेठ म्हणूनही वाढली. 1930 मध्ये निजाम सरकारने कंपनी ताब्यात घेतली, आणि 1932 मध्ये याच रेल्वेने 27 बसगाड्या रस्त्यावर आणल्या. मालक स्थानिक झाला, तेव्हा त्याला रुळांपलीकडची गावेही दिसू लागली.

आता नव्या कंपनीकडे येऊ. काम एकच: मुंबई ते अहमदाबाद 508 किमी, बारा स्थानके. त्यातले 156 किमी महाराष्ट्रात. मूळ अंदाजित खर्च 1 लाख 8 हजार कोटी, म्हणजे किलोमीटरमागे दोनशे कोटींवर. यातले 81% जपानचे कर्ज, व्याज 0.1%, मुदत 50 वर्षे, पहिली 15 वर्षे हप्ता नाही. 14 सप्टेंबर 2017 रोजी साबरमतीला नरेंद्र मोदी आणि शिंझो आबे यांनी पायाभरणी केली. 15 ऑगस्ट 2022 ला, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला, गाडी धावेल असे सांगितले गेले.

ती धावली नाही. कंपनीची पहिली पाच वर्षे बहुतांश जमिनीत गेली. पालघरमधल्या आदिवासी ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. विक्रोळीतल्या गोदरेजच्या जागेचा वाद उच्च न्यायालयात फेब्रुवारी 2023 पर्यंत चालला. 2020 मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी प्रकल्पाला पांढरा हत्ती म्हटले, आणि 2022 मध्ये सरकार बदलल्यावर वांद्रे-कुर्ला संकुलातली स्थानकाची जागा मोकळी झाली. गुजरातेत काम पुढे गेले, महाराष्ट्रात मागे राहिले. कुणाचा दोष किती हे ज्याने त्याने आपापल्या पक्षाप्रमाणे ठरवले आहेच. कामाचा दर्जा मात्र मान्य करायला हवा. 40 मीटर लांबीचा, सुमारे 970 टनांचा अखंड गर्डर उचलून खांबांवर बसवण्याची पद्धत इथे रुळली. मे 2025 पर्यंत 300 किमीचा उन्नत मार्ग उभा राहिला. सप्टेंबरमध्ये घणसोली-शिळफाटा बोगदा आरपार झाला. ठाण्याच्या खाडीखालून 7 किमी जाणारा बोगदा हा त्याच कामाचा भाग. सुरत-बिलिमोरा हा पहिला तुकडा ऑगस्ट 2027 मध्ये सुरू होईल, ही सध्याची घोषणा. देशातल्या अभियंत्यांनी या दहा वर्षांत जे शिकून घेतले, ते कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही, पण ते खरे आहे.

मग परवडणार का? परवडणे या शब्दात दोन हिशेब लपलेले असतात आणि वादात दोघे दोन वेगवेगळे हिशेब घेऊन भांडतात. एक, रोजचा खर्च तिकिटातून निघतो का: वीज, पगार, देखभाल. दुसरा, बांधणीचे कर्ज तिकिटातून फिटते का. मुंबई-सुरत-वडोदरा-अहमदाबाद या पट्ट्यात पहिला हिशेब जुळेल असे माझे मत आहे. माणसे आहेत, पैसा आहे, विमानाने आणि गाडीने होणारी ये-जा आहे. अडचण दुसऱ्या हिशेबाची.

अहमदाबादच्या आयआयएममधल्या 2016 च्या अभ्यासाने ढोबळ उत्तर दिले होते. सरासरी 300 किमीच्या प्रवासाला 1,500 रुपये तिकीट धरले, तर कर्ज वेळेत फेडायला रोज 88,000 ते 1,18,000 प्रवासी लागतील. खुद्द कंपनीचा सुरुवातीचा अंदाज एका दिशेने रोज 17,900 प्रवाशांचा, दोन्ही दिशा मिळून 35,800. गरजेच्या निम्मेही नाहीत. हा आकडा तीस वर्षांत पाचपट होईल असे कंपनी म्हणते. होईलही. पण मधल्या वर्षांचा हप्ता कुणी भरायचा, त्याचे उत्तर करारात आधीच लिहिलेले आहे: कर्ज भारत सरकारच्या नावावर आहे. 0.1% व्याज म्हणजे जवळजवळ फुकट, हे खरे. मात्र फेड येनमध्ये करायची आहे आणि 50 वर्षांत रुपया-येनचे काय होते ती जोखीम आपली. म्हणजे 1883 ची हमी नावातून गेली, व्यवहारातून गेली नाही.

यात लाजण्यासारखे काही नाही, असे जपानी माणूस म्हणेल. 1964 ची पहिली शिंकान्सेन जागतिक बँकेचे 8 कोटी डॉलर उसने घेऊन झाली, खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला, आणि जपानी रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांना उद्घाटनाआधी पद सोडावे लागले. तोक्यो-ओसाका मार्ग मात्र लवकरच नफ्यात आला, कारण जुनी लाईन आधीच तुडुंब भरून वाहत होती. त्या यशावर हुरळून पुढचे मार्ग कमी गर्दीच्या प्रदेशात नेले गेले, राजकारण्यांनी आपापल्या गावी स्थानके मागितली, आणि 1987 मध्ये कर्जात बुडालेली राष्ट्रीय रेल्वे तोडून खासगी करावी लागली. तैवानने खासगी कंपनीकडून गाडी बांधून घेतली. 2007 मध्ये ती धावली आणि दोनच वर्षांत सरकारला कंपनीचा कारभार हाती घ्यावा लागला, कारण प्रवासी होते पण व्याज आणि घसारा तिकिटांच्या उत्पन्नाहून जास्त होता. इंडोनेशियाची जकार्ता-बांडुंग गाडी 2023 ला आली. अवघे 142 किमी, खर्च 7 अब्ज डॉलरच्या पुढे, आणि आज तिथले सरकार चिनी कर्जाची फेररचना शोधते आहे.

या सगळ्यांत मला मोरोक्कोची गोष्ट हिंगोलीच्या माणसाला सांगण्यासारखी वाटते. त्यांनी 2018 मध्ये टँजियर ते कॅसाब्लांका वेगवान गाडी सुरू केली. पण नवा मार्ग बांधला तो टँजियर ते केनित्रा एवढाच. पुढे तीच गाडी जुन्या रुळांवरून जाते. हे जमले कारण नव्या-जुन्या रुळांचे माप एकच आहे.

मापाचे महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको. मराठवाड्याच्या गठाणी मनमाडला मीटरगेजवरून उतरवून ब्रॉडगेजवर चढवाव्या लागत, ते कित्येक दशके चालले. नव्वदच्या दशकात मनमाड-परभणी बाजू ब्रॉडगेज झाली आणि पूर्णेपासून वरची आमची शाखा मीटरगेजच राहिली. शेजारून मोठी गाडी जाते आणि आपण पूर्णेला पिशव्या घेऊन पलीकडच्या फलाटावर पळतो, हा अनुभव 2008 मध्ये पूर्णा-अकोला रुंदीकरण संपेपर्यंत होता. बुलेट ट्रेनचे रूळ 1,435 मिमीचे, बाकी भारताचे 1,676 मिमीचे. म्हणजे ती गाडी वापी सोडून नंदुरबारला जाऊ शकत नाही, आणि आपली कुठली गाडी त्या रुळांवर चढू शकत नाही. जपानचेही माप वेगळेच होते हे मान्य. पण जपानजवळ जुनी लाईन गावोगाव पोचलेली होती.

आमची लाईन अजून पोचायची आहे. 1912 चा फाटा हिंगोलीशी थांबला होता. तो अकोल्यामार्गे खंडव्याला जोडला गेला स्वातंत्र्यानंतर, आणि मग काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस हिंगोलीवरून धावू लागली. निजामी हद्दीतल्या एका आडबाजूच्या स्थानकातून थेट राजस्थानात जाता येऊ लागले. त्या गाडीचा वेग सांगण्यासारखा नव्हता. तिच्यामुळे बदललेला नकाशा सांगण्यासारखा होता. कापूस, हळद, यात्रेकरू, नरसी नामदेव आणि औंढ्याला येणारे लोक, सगळ्यांना उत्तरेचे दार उघडले. रेल्वेचा फायदा अनेकदा वेगाच्या रकान्यात न येता जोडणीच्या रकान्यात येतो, आणि त्या रकान्यात एका तुकड्यासाठी अख्खा मार्ग शून्य होऊ शकतो.

2003 मध्ये रेल्वेचा नांदेड विभाग झाला. हिंगोलीहून मुंबईला जनशताब्दी आली, ती जालन्यापर्यंतची गाडी 2024 मध्ये इकडे वाढवली म्हणून. डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेली जालना-मुंबई वंदे भारत ऑगस्ट 2025 मध्ये नांदेडपर्यंत आली. या दोन्ही निर्णयांना नवा रूळ लागला नाही, असलेली गाडी थोडी पुढे ढकलावी लागली. कमी खर्चातला वेग असाच मिळतो: दुहेरीकरण, विद्युतीकरण, सिग्नल, फाटकांऐवजी पूल. यांची पायाभरणी करायला परदेशी पंतप्रधान येत नाहीत.

आता त्याच दिल्लीच्या कंपनीने मुंबई-नागपूर मार्गाचाही अभ्यास केला आहे. नाशिक, शिर्डी, जालना, मेहकर, मालेगाव, कारंजा, वर्धा असा, समृद्धी महामार्गाच्या कडेने. त्यातले मालेगाव हे वाशिम जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या उंबऱ्याजवळ. त्यामुळे इथल्या पुढाऱ्यांना तोंडाला पाणी सुटणे स्वाभाविक आहे. माझा कौल विरुद्ध आहे. मुंबई-अहमदाबाद पूर्ण करावी, कारण एवढे खांब उभे केल्यावर मागे फिरणे सर्वांत महाग. तिथे पाच वर्षे गाडी धावू द्यावी, रोज किती तिकिटे फाटली ते जाहीर करावे, हप्त्यातला किती वाटा तिकिटातून गेला आणि किती तिजोरीतून, तेही छापावे. अघोरनाथांनी 1883 मध्ये मागितले होते ते यापेक्षा फार वेगळे नव्हते. ते आकडे हातात येईपर्यंत कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातून किलोमीटरमागे दोनशे कोटी ओतण्याची हमी महाराष्ट्राने देऊ नये.

आणि तोवर एक जुने काम पडून आहे. अकोला-खंडवा मीटरगेज जानेवारी 2017 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जावे की बाहेरून, यावर वर्षे गेली. अकोला-अकोट तुकडा 2022 मध्ये सुरू झाला. अकोटच्या पुढे खंडव्यापर्यंत, हे लिहितो आहे तोवर, गाडी जात नाही.