मागून आणलेली फांदी, विकत घेतलेलं रोप

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, की हडपसर मागे पडल्यापासून उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या दिसतात. हिरव्या शेडनेटखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा आणि त्यांत जास्वंद, तगर, एक्झोरा, दुरांता, अकॅलिफा, टेकोमा. त्यातली एक आमची. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, पहिल्याच पावसाळ्यात माझ्या हातात सिकेटर दिला आणि कुंपणाच्या कोयनेलच्या काड्या कापायला बसवलं. तेव्हापासून मी याच कामात आहे. लोकांना वाटतं हा धंदा पूर्वापार चालत आलाय. फुलांचा व्यापार पूर्वापारचा आहे, आंब्याची कलमंही जुनी. पण दारापुढे लावायला फुलझाडाचं झुडूप पैसे मोजून आणायचं, ही आपल्याकडे अगदी अलीकडची गोष्ट आहे, आणि ती का अलीकडची हे कळायला झाडाकडे नाही, झाडाची मुळं कशात ठेवली होती तिकडे बघावं लागतं.

पुणं तसं बागांचंच गाव. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, मोतीबाग, रमणबाग, विश्रामबाग ही नावं आज दुकानांची, देवळांची, शाळांची झाली असली, तरी नावात बाग उरलीच. पेशवाईत कात्रजहून नळाने पाणी आणून शहरातल्या हौदांत सोडलं होतं. पेशव्यांकडे फुलं पुरवणारे माळी होते. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं आडनावच त्या कामावरून पडलं. म्हणजे फुलांना गिऱ्हाईक होतं, दाम होता. रोपाला मात्र नव्हता. वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन, मागच्या परसात विहिरीच्या सांडपाण्यावर वाढलेली कण्हेर, तगर, जास्वंद, अनंत, एखादा प्राजक्त. ही झाडं शोभेची नव्हतीच, देवाची होती. गणपतीच्या पत्रीत जाई, मरवा, शमी, डाळिंब, कण्हेर लागते, हरतालिकेला पत्री लागते, रोजच्या पूजेला ताटभर फुलं लागतात. म्हणून परसात झाड हवं.

आणि ते झाड मागून आणायचं. कोणाकडे डबल जास्वंद दिसली, की पहिला पाऊस पडल्यावर जाऊन म्हणायचं, 'काकू, एक फांदी द्याल का?' जास्वंद, तगर, कण्हेर यांची जून काडी मातीत खोचली की फुटते. जाईजुईला दाब द्यायचा: जमिनीलगतची फांदी वाकवून मधला भाग मातीत पुरायचा, वर दगड ठेवायचा, मुळं सुटली की आईपासून तोडायची. मोगऱ्याचंही तेच. यात पैसे कुठेच नव्हते. गावाकडे तर याहून सोपं. शेताच्या बांधाला शेर, निवडुंग नाहीतर मोगली एरंड. मृगाच्या आधी खुंट रोवले की पाऊस पडल्यावर कुंपण तयार. यातला मोगली एरंड आणि फड्या निवडुंग मूळचे अमेरिकेतले, पण ते इतके जुने झाले, की आमच्या गावातल्या कोणाला ते परके वाटत नाहीत.

परदेशी झुडपांचा मोठा लोंढा आला तो इंग्रजांबरोबर. १७८७ साली कोलकात्याला कंपनीची वनस्पती-बाग निघाली, आणि पुढच्या शतकाच्या सुरुवातीला तिथे अमेरिकेतलं एक रंगीत फुलांचं झुडूप आणलं गेलं, कुंपणाला छान म्हणून. तीच आपली घाणेरी, टणटणी. आज सह्याद्रीचा एकही डोंगर तिच्याशिवाय नाही. एका बागेतल्या हौसेने किती जंगल खाल्लं, हे मला आजही टोचतं, आणि नर्सरीत नवं परदेशी रोप येतं तेव्हा मी आधी त्याला फळं किती धरतात ते बघते. फळं खाऊन पाखरांनी बी टाकलं, की झाड आपल्या हातात राहत नाही.

पण समुद्रातून झाड आणणं सोपं नव्हतं. महिनोन्‌महिने डेकवर खारे शिंतोडे, पिण्याच्या पाण्याची मारामार, ऊन. बहुतेक रोपं वाटेतच मरायची. याला उतारा सापडला तो लंडनच्या गजबजलेल्या, धुराने भरलेल्या पूर्व भागातल्या एका डॉक्टरला. त्याचं नाव नॅथॅनिएल वॉर्ड. १८२९ च्या सुमाराला त्याने पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली होती. पतंगाचं काय व्हायचं ते झालं, पण त्या मातीत नेच्याचं आणि गवताचं रोप उगवलं, आणि बाहेर धुराने मरणारा तो नेचा आत टवटवीत राहिला. दिवसा मातीतली ओल वाफ होऊन काचेला लागायची, रात्री थेंब होऊन परत मातीत उतरायची. पाणी घालायची गरजच नाही. मग वॉर्डने लाकूड आणि काचेच्या मोठ्या पेट्या करून घेतल्या. १८३३ मध्ये दोन पेट्या भरून रोपं सिडनीला पाठवली, ती जिवंत पोचली. परतीच्या प्रवासात त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियातली झाडं भरली, आणि केप हॉर्नची थंडी सोसून तीही लंडनला सुखरूप उतरली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं हिमालयात आणली ती अशाच पेट्यांतून. चहा म्हणजे झुडूपच. ज्या झुडपाने आपल्या सकाळी बदलल्या ते काचेच्या पेटीतून आलं, हे मी आमच्या मुलींना दरवर्षी सांगते.

आपल्याकडे १८३० साली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया निघाली. शिवडीला तिची बाग होती. तिथे पुढे दफनभूमी झाली आणि त्या बागेऐवजी १८६२ मध्ये भायखळ्याची राणीबाग लोकांना खुली झाली. पुण्यात लष्कराजवळच्या सोल्जर्स गार्डनचं नाव व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्यावर एम्प्रेस गार्डन पडलं. ही ३९ एकरांची बाग आजही त्याच सोसायटीकडे आहे. जानेवारीत तिथलं पुष्पप्रदर्शन आमच्या धंद्याची जत्राच. १८७३ मध्ये गणेशखिंडीला वनस्पती-बाग झाली. तिथला अधीक्षक जॉर्ज मार्शल वुड्रो याने हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिलं आणि ते बंगल्याबंगल्यांतून वापरलं गेलं.

बंगला म्हणजे नवीच गोष्ट. वाडा रस्त्याला भिंत लावून उभा, झाडं आत. बंगला मधोमध, झाडं बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावी म्हणून. त्यात कंपाउंड आलं, कंपाउंडला हेज आली, वाटेच्या कडेने क्रोटन आले. आबांचे आजोबा कॅम्पातल्या बंगल्यांवर माळीकाम करायचे. साहेबाच्या बागेतली छाटलेली क्रोटनची, अकॅलिफाची फांदी संध्याकाळी धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी यायची आणि आमच्या विहिरीच्या कडेला रुजायची. आमच्या मळ्यातली पहिली मातृझाडं ही अशी आली. पुढे १८९७ च्या प्लेगने लोकांना पेठांबाहेर ढकललं, विसाव्या शतकात डेक्कन जिमखान्याच्या बाजूला मराठी माणसाचे बंगले उभे राहिले, आणि तिथे दोन्ही रीती एकत्र आल्या: फाटकाशी प्राजक्त, वाटेला क्रोटन, मागे तुळस.

तरीही नर्सरी म्हणावी असा धंदा नव्हता, कारण झाड हलवता येत नव्हतं. आबांच्या वडिलांच्या काळी रोपं जमिनीतच वाढवायची. पावसाने माती बसली, की खुरप्याने भोवती कापून मुळाशी मातीचा गोळा धरून रोप उचलायचं, गवताने आवळून सुतळीने बांधायचं, पाटीत ठेवून बैलगाडीने पुण्याला न्यायचं. विक्री म्हणजे आषाढ-श्रावण. उन्हाळ्यात गोळा हातातच फुटायचा, रोप माना टाकायचं. कुंभाराची कुंडी होती, पण ती जड, महाग आणि खड्ड्यात चाक गेलं की तडकणारी. मग डबे आले. रॉकेलचे, डालड्याचे. किराणा दुकानातून रिकामे डबे पडेल भावाने आणायचे, तळाला खिळ्याने भोकं पाडायची, खापरीचा तुकडा ठेवून माती भरायची. पिवळ्या डालड्याच्या डब्यातली तुळस मी माहेरी पाहिली, तुम्हीही पाहिली असेल.

आणि मग काळी प्लास्टिकची पिशवी. तिने सगळं उलटंपालटं केलं. पिशवी हलकी, स्वस्त, टेम्पोत शेकड्यांनी मावणारी. आता रोप वर्षभर विकता येऊ लागलं. गिऱ्हाईकही तयारच होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठचं पुणं वाहून गेलं, त्यानंतर सहकारनगर, गोखलेनगरसारख्या वस्त्या वसल्या, मागोमाग सोसायट्या निघाल्या. प्रत्येक नव्या प्लॉटला कुंपण हवं आणि शेजारी फांदी मागायला जुनं झाडच नाही. पाणी आमच्याकडे आधीपासून होतं. १८७९ मध्ये पुरं झालेल्या खडकवासल्याच्या धरणाचा मुठा उजवा कालवा याच बाजूने येतो. हायवे दारात. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लावायची सरकारी योजना सुरू झाली, कलमांना मागणी आली, आणि कलमांच्या नर्सऱ्या करणाऱ्यांनी जोडीला फुलझाडं ठेवली. लोणी-उरुळीचा पट्टा असा उभा राहिला. नुसती माणसाची हुशारी नव्हती, कालवा, रस्ता आणि पिशवी तिन्ही एकाच ठिकाणी जमले.

पिशवी भरणं बायकांचं काम. लाल माती, पोयटा, चाळलेलं शेणखत, हल्ली कोकोपीट. ओंजळीने भरून दोनदा आपटायची, म्हणजे पोकळी राहत नाही. कोयनेलची काडी पेन्सिलीइतकी जाड, वीतभर लांब, चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली आणि तिरका, वरचा सरळ, म्हणजे कुठलं टोक मातीत जायचं ते चुकत नाही. खालची पानं काढायची, दोन डोळे मातीत जाऊ द्यायचे, अंगठ्याने दाबायचं. आबा म्हणायचे, काडी हलली तर मूळ नाही. तीन-चार आठवड्यांनी कोंब दिसतो.

पण पिशवीत राहून झाडाला एक खोड लागते. मुळं भिंतीला जाऊन वळतात, तळाशी वेटोळं करतात. रोप तसंच खड्ड्यात बसवलं, तर ते वर्षानुवर्षं त्या वेटोळ्यातच राहतं, आणि वादळात उपटून येतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते: पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी चिरा, तळाचा गुंता कापा, कडेची मुळं बोटाने सोडवा. खोड पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच खड्ड्यात राहू द्या, खोल गाडू नका. कुंपण करायचं तर फूटभर खोल-रुंद चर खणून शेणखत मिसळा, दोन रांगांत फूट फूट अंतरावर झुडपं लावा, समोरासमोर नकोत, मधल्या जागी. आणि दोन महिन्यांनी मन घट्ट करून शेंडे अर्ध्यावर छाटा. लोकांच्या जिवावर येतं, पण त्याशिवाय कुंपण बुडाशी भरत नाही, खालून कुत्री येतात.

आता कोयनेल फार कोणी मागत नाही. ती आपल्या किनाऱ्याची, खाडीकाठची, पानं कडू म्हणून शेळी तोंड लावत नाही, पांढऱ्या फुलांतून जांभळट केसर बाहेर येतात, फुलपाखरं येतात. तिची जागा पिवळ्या दुरांताने घेतली, मग कोनोकार्पसने, कारण तो भराभर वाढतो. गुजरात सरकारने २०२३ मध्ये कोनोकार्पस लावायला बंदी केली. आम्ही त्याआधीच भरणं थांबवलं होतं. सासूबाईंच्या वेळची कोयनेलची मातृझाडं मात्र कालव्याच्या बाजूला अजून आहेत, दर ज्येष्ठात छाटतो. ज्यांना शंभर-दोनशे रोपं हवीत त्यांना ती विकत देतो. दोन-चार फांद्याच हव्या असतील तर पैसे घेत नाही. पावसाच्या सुरुवातीला या, ओल्या गोणपाटात गुंडाळून देते, घरी गेल्यावर त्याच दिवशी खोचा.