आपण होऊन फिरणाऱ्या पाण्याची कुळकथा

सोलापुरात कुठल्याही उंच गच्चीवर जाऊन पाहा, मग ते जुळे सोलापूर असो की साखर पेठ. पाण्याच्या टाक्यांच्या शेजारी दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या तिरप्या काचनळ्या दिसतातच. लोक त्याला नुसतं ‘सोलर’ म्हणतात. त्यात पंप नाही, मोटर नाही, विजेची वायर नाही. तरी ऊन वर आलं की आतलं पाणी फिरायला लागतं आणि ऊन कलेपर्यंत फिरत राहतं. ही किमया काचेची आहे असं बहुतेकांना वाटतं. ऊन पकडण्याचं काम काच करते हे खरं, पण पाण्याला फिरवतो तो नळांचा मार्ग आणि त्यांचा चढ. तो चढ सापडायला माणसाला फार काळ लागला.

घरातलं मूळ शोधायचं तर न्हाणीत जावं लागतं. सोलापूरकडे जळणाची चणचण पहिल्यापासूनच. तुरीच्या तुऱ्हाट्या, बाभळीची फाटी, गोवऱ्या, जोंधळ्याची धसकटं यांवर चूल चालायची. त्यामुळे आंघोळीच्या पाण्यासाठी वेगळा जाळ घालणं ही चैन होती. भाकरी होत असताना वैलावर पातेलं ठेवायचं आणि चुलीची उरलेली धग पाण्याला द्यायची, हीच रीत. माणसं जास्त असली किंवा घरात बाळंतीण असली तरच परसात चुलवणावर हंडा चढायचा.

पुढे ऐपतीच्या घरांत तांब्याचा बंब आला. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर हातोडीने ठोकून बंब घडवत. बंबाच्या पोटातून उभी नळी जाते, तळाशी जाळी असते, जाळीवर निखारे आणि नळीच्या चहूबाजूंनी पाणी. जाळ पाण्याच्या मधोमध असल्यामुळे धग वाया जात नाही, धूर वरून निघून जातो आणि मूठभर जळणात घराच्या आंघोळी होतात. आपल्याकडे याहून नेटकं पाणी तापवणारं भांडं झालं नाही, असं माझं ठाम मत आहे. बंबाला मर्यादा एकच होती. जिथे जाळ तिथेच पाणी. तापलेलं पाणी दुसरीकडे न्यायचं तर तोटीखाली बादली धरायची आणि ती हाताने उचलायची.

ही बादली सुटली ती पॅरिसमध्ये, तीही कोंबडीच्या अंड्यांसाठी. १७७७ च्या सुमारास झाँ सिमों बोनमँ या फ्रेंच माणसाने अंडी उबवण्याची पेटी केली. अंड्यांना सगळीकडून सारखी ऊब लागते. शेजारी जाळ ठेवला तर एक बाजू भाजते आणि दुसरी गार राहते. म्हणून त्याने खाली लहानसा बॉयलर ठेवला, त्याच्या माथ्यावरून एक नळ वर नेला, पेटीतून फिरवला आणि गार झालेलं पाणी दुसऱ्या नळाने बॉयलरच्या तळाशी परत आणलं. पाणी आपण होऊन फिरायला लागलं. थंड देशांत पुढे पाण्याच्या नळांनी घरं गरम करण्याचं जे शास्त्र वाढलं, त्याच्या मुळाशी अंड्यांची ही पेटी आहे.

पाणी का फिरतं, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. २५ अंश तापमानाचं एक लिटर पाणी सुमारे ९९७ ग्रॅम भरतं, ६० अंशांचं ९८३ ग्रॅम. फरक अवघा चौदा ग्रॅम. एका नळात गरम पाण्याचा उभा स्तंभ आणि दुसऱ्यात गाराचा. गार स्तंभ तेवढाच जड, म्हणून तो खाली बसतो आणि हलक्याला वर ढकलतो. हे सगळं फिरणं लिटरमागे चौदा ग्रॅमच्या जोरावर चालतं. हा जोर इतका नाजूक आहे की एक एल्बो जास्त पडला, नळ अर्ध्या इंचाने बारीक घेतला किंवा कुठे हवेचा बुडबुडा अडकला, तरी फिरणं मंदावतं नाहीतर थांबतं. पंप असलेल्या नळकामात चूक खपून जाते, इथे खपत नाही.

बोनमँच्या फेऱ्याला जाळ लागत होता. जाळाच्या जागी ऊन आणण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या मुंबईत झाला, आणि तो आपणच विसरलो याचं मला वाईट वाटतं. विल्यम अॅडम्स हा मुंबई हायकोर्टातला इंग्रज अधिकारी. लाकूड आणि कोळसा महाग, ऊन मात्र फुकट आणि रग्गड, हे त्याला दिसत होतं. त्याने सपाट आरशांची रांग अर्धवर्तुळात मांडून त्यांचा झोत बॉयलरवर पाडला आणि त्या वाफेवर लहान इंजिन चालवलं. आरशांच्या चुलीवर त्याने सात शिपायांचं जेवण जानेवारीच्या उन्हात दोन तासांत शिजवलं. १८७८ मध्ये मुंबईतच त्याचं ‘सोलर हीट’ हे पुस्तक निघालं. उष्ण देशांत इंधनाऐवजी ऊन वापरावं, हा त्याचा विषय. पण अॅडम्सला वाफ हवी होती, त्यामुळे सूर्याबरोबर आरसे फिरवत राहणं आलं. आंघोळीला वाफ लागत नाही, कढत पाणी पुरतं. ही साधी गोष्ट धरून पुढचं काम अमेरिकेत झालं.

१८९१ मध्ये बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप याने काच लावलेल्या पेटीत काळ्या टाक्या ठेवून विकायला काढल्या. दुपारी पाणी चांगलं तापायचं, पण रात्री त्याच काचेतून ऊब निघून जायची आणि सकाळच्या आंघोळीला पाणी कोमट. केंपची पेटी बंबाच्याच वंशातली होती. तापण्याची जागा आणि साठण्याची जागा एकच.

१९०९ मध्ये लॉस एंजेलिसजवळ विल्यम बेली या इंजिनिअरने त्या दोन जागा वेगळ्या केल्या. खाली उथळ पेटीत काळ्या तांब्याच्या पत्र्याला डाख देऊन बसवलेल्या नळ्या, वर लाकडी वेष्टणात गुंडाळलेली टाकी, आणि मधे दोन नळ. तापलेलं पाणी एकाने वर, गार पाणी दुसऱ्याने खाली. बोनमँचा फेरा तोच, फक्त बॉयलरच्या जागी ऊन. टाकी गुंडाळलेली असल्यामुळे पहाटेही पाणी गरम. त्याने नावच ठेवलं ‘डे अँड नाइट’. १९१८ पर्यंत त्याने चार हजारांवर यंत्रं विकली. आज तुमच्या गच्चीवर जे आहे ते याच यंत्राचं पणतवंड.

बेलीचं खरं मोठेपण मला त्याच्या दुसऱ्या कामात दिसतं. १९१३ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात विलक्षण थंडी पडली, नळ्यांतलं पाणी गोठलं आणि नळ्या फुटल्या. त्यावर त्याने उपाय काढला तो असा : खालच्या पेटीत न गोठणारं मद्यार्कमिश्रित पाणी, ते वर टाकीतल्या वेटोळ्यातून फिरून परत खाली येतं, आणि घरात वापरायचं पाणी त्या वेटोळ्याभोवती तापतं. दोन पाण्यांची कधी गाठच पडत नाही. एकाचं काम ऊब वाहून नेणं, दुसऱ्याचं काम आंघोळ.

असा बंद फेरा आणखी कुठे कुठे वापरला गेला ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. १९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइनरिख त्सोएली याने जमिनीतली ऊब यंत्राने काढून घेण्याचं पेटंट घेतलं. आज थंड देशांत अंगणात चर खणून किंवा खोल बोअर मारून प्लॅस्टिकचे नळ पुरतात आणि त्यांत असंच न गोठणारं पाणी फिरवतात. ते जमिनीची ऊब घेऊन येतं आणि यंत्र ती वाढवून घराच्या फरशीखालच्या नळांना देतं. तिथे चौदा ग्रॅमवर भागत नाही, पंप लागतो. आइसलंडमध्ये जमीनच उकळते, म्हणून रेक्याविकने १९३० मध्ये गरम झऱ्यांचं पाणी तीन किलोमीटर नळाने आणून शाळेसारख्या इमारती उबदार केल्या. आपल्या कोकणातही उन्हवरे, तुरळ, राजापूर, वज्रेश्वरी इथे गरम कुंडं आहेत. तिथलं पाणी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घ्यायचं पाणी राहिलं, कारण कोकणात घर तापवायची गरज कुणाला? सोलापुरात तर नाहीच नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. आपल्याला ऊब लागते ती सकाळच्या दोन बादल्यांपुरती.

त्या दोन बादल्यांसाठी आज सोलापुरात घेतात त्या बहुतेक काचनळ्या. त्यांचं कूळ थोडं वेगळं आहे. एकात एक दोन काचनळ्या आणि मधे निर्वात पोकळी, म्हणजे जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये केलेल्या थर्मासचीच रचना. चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठात १९८० च्या दशकात आतल्या नळीवर ऊन शोषणारा लेप चढवण्याची स्वस्त पद्धत तयार झाली आणि त्या नळ्या जगभर गेल्या. मला यातली एक गोष्ट फार देखणी वाटते. बेलीचे दोन नळ इथे एकाच नळीत मावले आहेत. उन्हाकडच्या अंगाने गरम पाणी वर सरकतं आणि खालच्या अंगाने गार पाणी उतरतं, त्याच नळीत, त्याच वेळी. नळीच्या बंद टोकाशी चंदेरी पट्टा असतो. तो पांढरा पडला की समजावं, आतली पोकळी निर्वात राहिली नाही आणि नळी निकामी झाली.

फेरा नळीत गेला म्हणून नळकाम संपलं असं नाही. सोलापुरात ते जास्तच नाजूक आहे, कारण इथे पाणी काही दिवसांआड येतं. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर येतं, घरोघर साठवलं जातं, आणि ते संपलं की बोअरचं पाणी टाकीत चढतं. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून मुरून आलेलं, जड. तापलं की त्यातला क्षार सुटतो आणि नळीच्या आतून पांढरा थर धरतो. बेलीच्या धर्तीच्या सपाट पेटीतल्या अर्ध्या इंची नळ्या त्याने दोन-चार वर्षांत गच्च होतात. काचनळ्या रुंद असल्यामुळे जास्त टिकतात, पण तळाशी क्षाराचा गाळ बसतोच. टाकी रिकामी पडली तर भर उन्हात कोरड्या नळ्या भट्टीसारख्या तापतात. मग दुपारी पाणी आलं आणि कुणी व्हॉल्व्ह उघडला की गार पाणी लागून काच तडकते.

जाणता प्लंबर गच्चीवर आला की आधी यंत्राला हात लावत नाही. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी काढतो आणि टाक्यांची उंची बघतो. “काकू, ही तुमची गार पाण्याची टाकी अजून वर घ्यावी लागंल. तिचा तळ सोलरच्या टाकीच्या डोक्यावर पाहिजे,” हे त्याचं पहिलं वाक्य. मग हवेचा नळ, तो गार टाकीच्या पाण्याच्या पातळीहून उंच. नाहीतर पाणी तिथूनच वाहत राहतं. मग गरम पाण्याचा नळ. तो सीपीव्हीसीचा असावा, कारण साधा पीव्हीसी कढत पाण्याने मऊ पडतो. सीपीव्हीसीलाही क्लँप जवळ जवळ हवेत. सोलापूरच्या उन्हात दोन क्लँपांमधला नळ झोळ धरतो, मग उंच राहिलेल्या भागात हवा साठते आणि खाली मोरीतला नळ गुळण्या टाकायला लागतो. लोक यंत्राला नावं ठेवतात, दोष असतो क्लँपात.

आणखी एक हिशेब कुणी करत नाही. पाऊण इंची नळाच्या एका मीटरमध्ये सुमारे ३०० मिलिलिटर पाणी मावतं. गच्चीच्या एका टोकाला सोलर आणि खाली दुसऱ्या टोकाला न्हाणी असली तर वीस मीटर नळ सहज होतो. म्हणजे रोज सकाळी गरम पाणी येण्याआधी सहा लिटर गार पाणी मोरीत जातं. काही दिवसांआड पाणी मिळणाऱ्या गावात हे सोसण्यासारखं नाही. न्हाणी सोलरच्या खाली घ्या, नळ आखूड ठेवा, त्याला फोमचं वेष्टण घाला. तरीही ते पहिलं पाणी बादलीत धरा.

क्षाराचं उत्तर तर कुळातच आहे. बेलीने गोठण्यावर जो उपाय काढला तोच आपल्या जड पाण्याला लागू पडतो. ऊब वाहणारं पाणी वेगळं ठेवायचं, एकदा स्वच्छ मऊ पाणी भरून बंद करायचं, आणि घरच्या पाण्याला तापणाऱ्या नळ्यांत जाऊच द्यायचं नाही. क्षार बसेल तो टाकीतल्या वेटोळ्यावर, आणि ते काढून साफ करता येतं. बाजारात असे सोलर मिळतात. महाग पडतात आणि पाणी थोडं कमी तापतं, म्हणून विक्रेते ते पुढे करत नाहीत. बोअरवर जगणाऱ्या घराला मात्र तेच योग्य आहे.

ज्यांच्या घराचं बांधकाम अजून चालू आहे त्यांना माझी विनंती आहे. स्लॅब पडण्याआधी प्लंबरला बोलवा आणि न्हाणी, सोलर, गार पाण्याची टाकी या तिघांच्या जागा एका कागदावर काढून घ्या. ज्यांचं सोलर बसलेलं आहे त्यांनी दिवाळीच्या आत, भल्या सकाळी, नळ्या गार असताना सगळं पाणी सोडून क्षार धुऊन घ्यावा. आणि टाकी रिकामी पडलीच, तर ऊन उतरल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नका.