टेप, तक्ते आणि रडार

डेहराडूनच्या ‘भारतीय वन सर्वेक्षण’ या संस्थेचा जन्म जंगल वाचवण्याच्या कळकळीतून झालेला नाही. १९६५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आणि विकास कार्यक्रमाच्या मदतीने केंद्र सरकारने गुंतवणूकपूर्व वनपाहणीचा प्रकल्प हाती घेतला. लाकडावर चालणारे कारखाने कुठे काढावेत आणि तिथे माल किती मिळेल, एवढाच त्यामागचा सवाल होता. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने देशव्यापी कायम यंत्रणेची शिफारस केली आणि १ जून १९८१ रोजी प्रकल्पाची संस्था झाली. तिच्या चार विभागीय कार्यालयांपैकी एक नागपूरला आहे.

माल मोजायची रीत मात्र पहिल्यापासून चोख. सगळी झाडं मोजणं कुणालाच शक्य नाही, म्हणून ठरावीक जागी एक दशांश हेक्टरचा नमुना भूखंड आखायचा आणि त्यातल्या दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त व्यासाच्या प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप लावायची. चढावरचं झाड असेल तर वरच्या अंगाला उभं राहून उंची धरायची. त्या उंचीच्या खालीच बुंध्याला फाटा फुटला असेल तर दोन झाडं समजायची. मग ते माप त्या प्रजातीच्या घनफळ-समीकरणात घालायचं. सागाचं समीकरण सालाला चालत नाही, एवढंच काय, एका प्रांताच्या सागाचं दुसऱ्या प्रांताला चालेलच असं नाही. १९९६ मध्ये या समीकरणांचा संग्रह संस्थेने प्रसिद्ध केला, त्यात नेपाळ आणि भूतानही आले. माझ्या मते संस्थेचं सर्वांत टिकाऊ काम हेच, जरी बातम्या वनाच्छादनाच्या टक्क्यांच्याच होतात.

त्या टक्क्यांची सुरुवात खडाखडीनेच झाली. ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने जंगल सुमारे १४ टक्केच उरल्याचं सांगितलं, वन सर्वेक्षणाचा आकडा १९ च्या पुढे! अखेर दोघांनी एकत्र बसून ताळमेळ घातला. १९८७ च्या पहिल्या अहवालासाठी लँडसॅट उपग्रहाची चित्रं डोळ्यांनी वाचली होती, आणि ४०० हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशावर उमटतच नव्हता. पुढे आपले उपग्रह आले, संगणक आले, ही मर्यादा एका हेक्टरवर आली. पण प्रकाशावर चालणारा कॅमेरा छत्र दाखवतो, लाकूड नाही. शिवाय पावसाळ्यात सह्याद्री ढगाखाली, आणि उन्हाळ्यात विदर्भातला पानझडीचा सागवान उघडा. म्हणून चित्रं घ्यायची ती पाऊस सरल्यावर, पानं झडण्याआधी.

रडारला ढगांची अडचण नाही. त्याच्या एल-बँडच्या लहरी साधारण २४ सेंटिमीटर लांबीच्या असतात. पानांतून त्या बऱ्याच अंशी आरपार जातात आणि जाड फांद्या-बुंध्यांवर आदळून परततात. परतलेला संकेत जितका जोरकस, तितका जैवभार, म्हणजे झाडांचं वजन, जास्त, असा ढोबळ हिशेब. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राबरोबर संस्थेने हे काम हाती घेतलं. आसाम आणि ओडिशाचे निष्कर्ष २०१९ च्या अहवालात आले, साऱ्या देशाचे अंतरिम अंदाज २०२१ च्या. पण संकेत टनांत वाचायचा कसा, हे रडारला ठाऊक नसतं. ते शिकवतात टेप लावलेले भूखंड.

अडचणीही आहेत. हेक्टरी शंभर-दीडशे टनांच्या पुढे एल-बँडचा संकेत वाढायचा थांबतो, त्यामुळे ईशान्येची किंवा पश्चिम घाटाची दाट अरण्यं आहेत त्यापेक्षा हलकी भासतात. तीव्र उतारावर संकेत वेडावाकडा येतो, ओल्या जमिनीने फुगतो. दाट अरण्यांच्या अडचणीवरचा एक उपाय २९ एप्रिल २०२५ रोजी कुरूच्या अवकाशतळावरून गेला: युरोपीय अंतराळ संस्थेचा ‘बायोमास’ उपग्रह, सुमारे ७० सेंटिमीटरच्या पी-बँड लहरींचा. पाठोपाठ ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ गेला, नासाचा एल-बँड आणि इस्रोचा एस-बँड घेऊन. तो बारा दिवसांनी त्याच जागेवर परततो.

तरी घनफळाचा एक मोठा हिस्सा या हिशेबाला सहज सापडत नाही. २०२३ च्या अहवालानुसार देशातल्या ६४३ कोटी घनमीटर लाकडापैकी सुमारे १९५ कोटी जंगलाबाहेर आहे: बांधावर, रस्त्याकडेला, परसात. तिथे एकाच चौकटीत बाभूळ, ज्वारीचं रान आणि विहिरीची बांधणी असं सगळंच येतं, आणि रडारला ते वेगळं काढता येत नाही.