सर्वानुक्रमणीपासून शोधयंत्रापर्यंत



ऋग्वेदाची सूक्ते वालखिल्ये धरून १०२८ भरतात. ज्या घराण्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली, त्यांना सूचीची गरज ती काय, असे कोणालाही वाटावे. परंतु सूची केली ती त्याच परंपरेने. कात्यायनाच्या नावावर असलेली सर्वानुक्रमणी ती हीच. सूक्ताचा आरंभीचा शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद, एवढ्याच गोष्टी तिला सांगावयाच्या असतात. पहिल्या सूक्ताविषयी तिच्यावरून कळते ते असे: ऋचा नऊ, ऋषी मधुच्छंदा वैश्वामित्र, देवता अग्नी, छंद गायत्री. सूक्तात काय म्हटले आहे याबद्दल ती अवाक्षर काढीत नाही. ते कोणाचे, कोणाला उद्देशून आणि कोणत्या मापाचे, एवढे सांगून ती पुढे जाते.

शब्द वाचविण्यासाठी ग्रंथकाराने प्रारंभीच काही संकेत बांधून दिले आहेत. त्यांतला एक मोठा मौजेचा आहे. देवतेचा निर्देश नसेल तेथे इंद्र समजावा आणि छंदाचा निर्देश नसेल तेथे त्रिष्टुभ् समजावा. म्हणजे ज्याचे नाव कोणी सांगितले नाही, तो इंद्राच्या खात्यावर जमा! हा नियम उघडपणे सांगून ठेवलेला असल्यामुळे त्यात कोणाची फसवणूक नाही. पण नियम न सांगता कोणी असे करू लागला तर काय होईल, हा आजचा प्रश्न आहे.

विषय संकेतस्थळांचा आणि शोधयंत्रांचा, आणि हे गृहस्थ वेदांत कोठे शिरले, म्हणून पुढच्या रांगेतील काही मंडळी चुळबुळ करीत असतील. परंतु विषय तोच आहे. लिखाण वाचणे निराळे आणि लिखाण शोधून काढणे निराळे. जो शोधतो त्याला ते कशाचे आहे हे वेगळे सांगावे लागते. तो शोधणारा पूर्वी अध्येता होता, नंतर ग्रंथपाल झाला, आता यंत्र झाला आहे. आणि अलीकडे या यंत्राने आपली रीतही पालटली आहे. पूर्वी ते दहा ठिकाणांची यादी आपल्यापुढे टाकीत असे. आता पुष्कळदा ते स्वतःच वाचते आणि चार वाक्यांत उत्तर सांगून मोकळे होते. यादीत आपण अकरावे असलो तरी एखादा चिवट मनुष्य तेथवर पोहोचत असे. उत्तरात मात्र आपण असतो किंवा नसतो.

टिम बर्नर्स-ली याने जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये जागतिक जाळ्याची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती बाहेरच्या जगाला खुली झाली. पानावरचा मजकूर लिहिताना हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, अशा न दिसणाऱ्या खुणा मजकुरात घालावयाच्या, ही त्याची मूळ योजना होती. शीर्षकाला शीर्षक म्हणून खूण न करता नुसती अक्षरे मोठी आणि ठळक केली, तरी वाचकाला फरक कळत नाही, यंत्राला कळतो. इतकी साधी गोष्ट, पण आजही निम्मे दुखणे याच ठिकाणी आहे असे माझे मत आहे.

जाळ्यावरची पाने वाढू लागताच ती सापडावयाची कशी हा प्रश्न आला. १९९३ मध्ये मार्टाइन कॉस्टर याने अलिवेब नावाची एक व्यवस्था सुचविली. प्रत्येक स्थळाच्या चालकाने आपल्याकडे काय काय आहे याची एक लहानशी टिपणी ठरलेल्या नमुन्यात लिहून आपल्याच संगणकावर ठेवावी. अलिवेब येऊन ती घेऊन जाईल. कल्पना निर्मळ होती. ही अनुक्रमणीच म्हणावयाची. फक्त तीसाठी घरोघर एक कात्यायन हवा होता. तो मिळाला नाही. टिपण्या लिहिणारे थोडे निघाले आणि अलिवेब मागे पडले. याच कॉस्टरने १९९४ मध्ये, फिरत्या यंत्रांनी आपल्या स्थळावर कोठे येऊ नये हे लिहून ठेवण्याचा एक शिरस्ता घालून दिला, तो मात्र टिकला. आपल्याकडे काय आहे हे लिहिण्याचा कंटाळा आणि येथे प्रवेश नाही ही पाटी लावण्याचा उत्साह, हा मनुष्यस्वभावच आहे.

लोक टिपण्या लिहीत नाहीत, तर यंत्रानेच सगळे वाचावे, असे नंतर ठरले. १९९४ मध्ये वेबक्रॉलर आले, १९९५ च्या डिसेंबरात आल्टाव्हिस्टा आले, आणि पानावरचा शब्दन्‌शब्द सूचीत जाऊ लागला. शिवाय पानाच्या माथ्यावर, वाचकाला दिसणार नाही अशा जागी, विषयाचे मुख्य शब्द लिहून ठेवण्याची सोय होती. येथे कलियुग अवतरले. लोकांना काय शोधावयाचे असते ते पाहून, आपल्या पानाशी काडीचा संबंध नसलेले शब्द त्या जागी शंभर शंभर वेळा कोंबण्यात येऊ लागले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत मजकूर छापण्याची युक्ती निघाली. डोळ्याला काही नाही, यंत्राला मेजवानी! यंत्रे चालविणाऱ्यांचा त्या शब्दांवरचा विश्वास उडत गेला. २००९ मध्ये गूगलने उघडच सांगून टाकले की, क्रम लावताना आम्ही ते शब्द मुळी पाहातच नाही. कॅनडाचा लेखक कोरी डॉक्टरो याने २००१ मध्येच लिहिले होते की, आपल्या मालाचे वर्णन मालकाने स्वतः करावयाचे म्हटले की लोक खोटे बोलतात, आळस करतात आणि स्वतःला ओळखतही नाहीत.

गूगलचा मार्ग वेगळा होता. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी, पान स्वतःविषयी काय म्हणते यापेक्षा इतर पाने त्याच्याकडे किती बोट दाखवितात, हे मोजावयाचे ठरविले. यूजीन गारफील्डने १९६४ पासून शास्त्रीय निबंधांच्या परस्पर उल्लेखांची जी सूची छापली, तिच्यातलाच हा विचार. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी पुढे जातो.

स्वतःचे वर्णन स्वतः करण्याची पद्धत मात्र मेली नाही. २०११ च्या जूनमध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या तीन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन एक समाईक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. त्याचे नाव स्कीमा डॉट ऑर्ग. हे पान पाककृतीचे, हा तिला लागणारा वेळ. हे पान पुस्तकाचे, हा त्याचा लेखक. हा कार्यक्रम, ही त्याची जागा आणि ही तारीख, असे यंत्राला ठरलेल्या शब्दांत सांगावयाचे. रामनाथन गुहा या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा या कामात मोठा वाटा आहे. जे अलिवेबला साधले नाही ते येथे कसे साधले? दोन कारणे दिसतात. वर्णन लिहिणाऱ्याला लगेच काही मिळू लागले. त्याच्या पाककृतीचे चित्र आणि वेळ शोधाच्या यादीतच झळकू लागली. आणि दुसरे, जे वाचकाला पानावर दिसत नाही ते यंत्राला सांगू नका, असा दंडक गूगलने घातला. पांढऱ्यावर पांढरे लिहिण्याचा धडा फुकट गेला नव्हता.

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर शोधयंत्रेही उत्तरे देऊ लागली. अशी यंत्रे काम करतात त्यातला एक भाग आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पुष्कळदा सबंध पान त्यांच्यापुढे नसते. पानाचे तुकडे पाडलेले असतात. प्रश्नाशी जुळणारे चार तुकडे उचलावयाचे आणि त्यांवरून उत्तर जुळवावयाचे, अशी ही रीत. आता पाणिनीची सूत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अनुवृत्ती ठाऊक असेल. मागच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात न लिहिता चालू राहतो. सूत्र एकटे उचलले तर अर्थच लागत नाही. आपल्या बहुतेक लिखाणात अशी अनुवृत्ती असते. ‘ही संस्था’, ‘वरील ठराव’, ‘त्याच साली’ असे आपण लिहितो, आणि वाचक मागचे आठवून अर्थ लावतो. तुकडा उचलणाऱ्याच्या हाती ‘त्याच साली’ एवढेच येते.

प्रिन्स्टन विद्यापीठ आणि दिल्लीची आय. आय. टी. येथील संशोधकांनी इतरांसमवेत २०२३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. उत्तर देणाऱ्या यंत्राने आपले पान उचलावे म्हणून काय केल्याने उपयोग होतो, याचे त्यांनी प्रयोग केले. मुख्य शब्द पुन्हा पुन्हा कोंबण्याचा फारसा उपयोग झाला नाही. आधार सांगणे, जाणकारांचे शब्द उद्धृत करणे आणि मोघम विधानाऐवजी आकडा देणे, यांचा झाला. उत्तरातले स्थान त्यांच्या मोजणीत चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारले. आमचे शाळेतले मास्तर निबंधावर लाल शाईने हेच लिहीत असत, तेव्हा आम्ही तो त्यांचा खाष्टपणा समजत होतो. अर्थात आकडा खरा असला पाहिजे ही अट यंत्र घालीत नाही. ती आपली आपण घालावयाची आहे. २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड याने असेही सुचविले की, भाषायंत्रांसाठी प्रत्येक स्थळाने एक साधी मजकूर-टिपणी आपल्या दारात ठेवावी. म्हणजे अलिवेबचे नातवंड! ते बाळसे धरील की आजोबांच्या वाटेने जाईल, ते दिसेलच. तूर्त ती वाचण्याचे बंधन कोणा यंत्रावर नाही.

हे सारे झाले तो मजकूर खरोखर मजकूर आहे असे धरून. आपल्या मराठीचे दुर्दैव याच्याही अलीकडचे आहे. संगणकात अक्षर साठत नाही, अक्षराचा क्रमांक साठतो. नव्वदीच्या दशकात मराठी छपाई संगणकावर आली तेव्हा फाँट करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी आकृत्या बसविल्या. एकाने जेथे क बसविला तेथे दुसऱ्याने म बसविला. कागदावर अक्षर मोत्यासारखे उमटे. साठत असे ते मात्र रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे. त्यातून पहिली वेलांटी डावीकडे काढतात म्हणून ती व्यंजनाच्या आधी साठवावयाची. म्हणजे उच्चारात जे मागून येते ते पुढे जाऊन बसले. या कारागिरांना मी दोष देत नाही. त्यांच्यामुळेच दैनिके, मासिके, ग्रंथ छापले गेले. भारतीय लिप्यांसाठी सरकारी मानक १९९१ मध्ये ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले; पण विंडोज २००० येईपर्यंत घरच्या संगणकावर त्यांचा उपयोग करावयाचा कसा, हाच प्रश्न होता. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. पण पुष्कळ मराठी स्थळे त्यानंतरही कित्येक वर्षे जुन्याच फाँटात चालली. वाचणाऱ्याने फाँट उतरवून घेतला की त्याला मराठी दिसे. शोधयंत्राला तेथे कोणतीच भाषा दिसत नव्हती.

युनिकोड आल्यावरही एक गंमत उरलीच. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारांनी साठविता येतो. डोळ्याला दोन्ही शब्द एकच. काही यंत्रे ते एक धरतात, काही धरत नाहीत. मग एका पद्धतीने लिहिलेला शेतकरी दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला भेटत नाही.

माझ्या परिचयाच्या एका जुन्या संस्थेचे चिटणीस गेल्या वर्षी माझ्याकडे आले. स्थळावर संस्थेचा इतिहास आहे, पण यंत्राला स्थापनेचे साल विचारले तर ते दुसऱ्याच जिल्ह्यातल्या त्याच नावाच्या संस्थेचे साल सांगते, अशी त्यांची तक्रार. आम्ही ते पान उघडून बसलो. संस्थेचे नाव होते, पण ते दारावरच्या पाटीच्या छायाचित्रात. मजकुराची सुरुवात ‘आपल्या या संस्थेचे रोपटे’ अशी. साल होते, पण शकाचे, आणि तेही अक्षरांत व समासात गुंफलेले. गावाचे नाव सबंध पानावर कोठेही नव्हते.

“ते सर्वांना माहीतच आहे ना!” चिटणीस म्हणाले.

देवतेचा निर्देश नव्हता. यंत्राने आपला इंद्र बसविला होता, आणि तसे केल्याचे सांगितलेही नव्हते.

आम्ही वर एक परिच्छेद लिहिला: संस्थेचे पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, स्थापनेची तिथी शकात आणि इसवी सनात, संस्थापकांची नावे आडनावांसह, आणि ही माहिती कोणत्या वर्षीच्या अहवालातून घेतली ते. शीर्षकाला शीर्षकाची खूण केली. पाटीच्या चित्राखाली पाटीवरचा मजकूर टंकून घातला. चिटणिसांना ते काही आवडले नाही. हे सातबाराच्या उताऱ्यासारखे वाटते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. म्हणून त्यांचे रोपटे दुसऱ्या परिच्छेदात तसेच राहू दिले. चार महिन्यांनी यंत्राने साल बरोबर सांगितले. गाव अजून एकदा चुकले, मग तेही सुधारले.

तेव्हापासून ते जुन्या स्मरणिकांच्या मागे लागले आहेत. १९९६ ते २००७ पर्यंतच्या बारा स्मरणिकांच्या संगणकातील प्रती त्यांच्यापाशी आहेत, आणि त्या तीन निरनिराळ्या फाँटांत आहेत. पहिल्या फाँटाचे युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारे साधन मिळाले. वेलांट्या तेवढ्या हाताने तपासाव्या लागल्या. दुसऱ्याचे रूपांतर एका कॉलेजातली दोन मुले करीत आहेत. तिसऱ्या फाँटात चार अंक आहेत. तो फाँट कोणत्या छापखान्यातून आला होता, हे आठवणारे कोणी आहे का, म्हणून सध्या गावात चौकशी चालू आहे.