वऱ्हाडातील ओढ्यांचे मासे व घरगुती मत्स्यालय

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील नद्या, नाले व ओढे यांत नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या गोड्या पाण्यातील लहान माशांना सर्वसाधारणपणे ओढ्यांचे मासे म्हटले जाते. यांतील बहुतेक जाती बोटभर ते वीतभर लांबीच्या असतात. बाजारात त्यांना फारसे मोल नसते, मात्र योग्य काळजी घेतल्यास त्यांतील अनेक जाती काचेच्या टाकीत दीर्घकाळ जगतात. विदेशी शोभिवंत माशांऐवजी स्थानिक मासे पाळण्याचा छंद जोपासताना मासे कोठून, केव्हा व किती घ्यावेत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

अमरावती जिल्हा दोन मोठ्या नदीखोऱ्यांत विभागलेला आहे. पेढी, चंद्रभागा व शहानूर या नद्या पूर्णेला मिळतात. मेळघाटातील सिपना, खापरा, खंडू, गडगा व डोलार या नद्यांचे पाणी तापीत जाते. पूर्णाही पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीस मिळते आणि हे सर्व पाणी अरबी समुद्राकडे वाहते. याउलट वरूड, मोर्शी व धामणगाव या पूर्वेकडील भागांतील ओढे वर्धा नदीला मिळतात. त्यांचे पाणी प्राणहिता व गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात पोहोचते. अकोला जिल्ह्यातील मोर्णा, काटेपूर्णा, मन व वान या नद्या पूर्णेच्या खोऱ्यात येतात.

या प्रदेशातील बहुतेक ओढे हंगामी आहेत. पावसाळा सरल्यावर प्रवाह क्षीण होत जातो आणि उन्हाळ्यात केवळ खोलगट जागी डोह शिल्लक राहतात. ओढ्यातील उरलेसुरले मासे याच डोहांत एकवटतात. पुढील पावसाळ्यात संपूर्ण ओढ्यात पुन्हा मासे दिसतात, ते मुख्यतः या डोहांत तगलेल्या माशांमुळे.

प्रमुख जाती

रास्बोरा डॅनिकोनियस: तोंडापासून शेपटीपर्यंत गडद निळसर-काळा पट्टा असणारा, थव्याने राहणारा मासा. पाण्याच्या वरच्या व मधल्या थरात वावरतो.

पेथिया टिक्टो व पुंटियस सोफोर: रुपेरी अंगावर काळे ठिपके असणारे लहान मासे. विणीच्या काळात नरांच्या अंगावर तांबूस झाक येते. दोन्ही काटक असून नवशिक्यांस योग्य समजले जातात.

डेव्हारियो एक्विपिनाटस: निळ्या-पिवळ्या रेषांचा, अतिशय चपळ मासा. वाहत्या पाण्याची सवय असल्याने त्याला लांब टाकी लागते. तो सहज उडी मारतो, म्हणून टाकीवर झाकण असणे आवश्यक असते.

मल्या (गारा मुल्या): तळाशी राहून दगडांवरील शेवाळ खरवडून खाणारा मासा. त्याला प्राणवायूने समृद्ध, वाहते पाणी लागते. साचलेल्या पाण्यात तो फार काळ टिकत नाही.

पॅराम्बासिस रंगा: पारदर्शक शरीरामुळे याचा सांगाडा बाहेरून दिसतो. दिसायला बराचसा असाच असणारा चंदा नामा हा मासा इतर माशांचे खवले खातो, त्यामुळे तो मिश्र टाकीत ठेवता येत नाही.

चन्ना गाचुआ: मरळ कुळातील लहान मासा. हवेतून श्वसन करू शकतो. नर अंडी व पिल्ले तोंडात सांभाळतो. लहान मासे त्याचे भक्ष्य असल्याने तो स्वतंत्र टाकीत ठेवावा लागतो.

गावालगतच्या नाल्यांत गप्पी मासे मोठ्या संख्येने आढळतात. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतील असून डासनिर्मूलनासाठी येथे सोडले गेले आहेत. त्यांना स्थानिक मासे समजण्याची चूक अनेकदा होते.

अभ्यास व नामकरण

रास्बोरा डॅनिकोनियस, पेथिया टिक्टो व पुंटियस सोफोर यांचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात केले. दख्खनच्या माशांचा पहिला महत्त्वाचा अभ्यास कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचा होय. त्यांनी अनेक जातींना स्थानिक मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. ‘मुल्या’ हे जातिनाम त्यांपैकी एक आहे. अलीकडच्या काळात निलेश हेडा यांनी मध्य भारतातील गोड्या पाण्यातील माशांवर इंग्रजीत ओळखपुस्तिका लिहिली (२००९).

संकलन

बहुतेक जातींची वीण जून ते ऑगस्ट या काळात होते. त्यामुळे पाणी निवळल्यानंतरचा, म्हणजे साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ संकलनास योग्य मानला जातो. या वेळी मासे विखुरलेले असतात व त्यांची संख्याही अधिक असते. उन्हाळ्यात आटलेल्या डोहातून मासे पकडणे सर्वांत सोपे असते आणि तेव्हाच ते सर्वांत हानिकारक ठरते. अशा डोहातून काढलेला प्रत्येक मासा पुढील वर्षीच्या बीजसाठ्यातून वजा होतो.

संकलनासाठी बारीक विणीची हातजाळी पुरेशी असते. एका ठिकाणाहून एका जातीचे सहा-आठ मासे घेऊन उरलेले तेथेच सोडून देणे इष्ट असते. वाहतुकीसाठी प्लास्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी व दोन तृतीयांश हवा ठेवतात. वनस्पतिजन्य विष, ब्लीचिंग पावडर वा कीटकनाशक टाकल्यास डोहातील मासे, झिंगे व कीटक यांसह सर्व जीवसृष्टी नष्ट होते. पाण्यात विष वा स्फोटके टाकून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच दंडनीय ठरविले होते.

कायदेशीर मर्यादा

गुगामल राष्ट्रीय उद्यान तसेच मेळघाट, नरनाळा, वान व काटेपूर्णा या अभयारण्यांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. तेथून परवानगीविना मासे वा पाणवनस्पती काढता येत नाहीत. तलाव व जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे संबंधित संस्थेची संमती आवश्यक असते.

टाकी व पाणी

अमरावती शहरास ऊर्ध्व वर्धा प्रकल्पातून, तर अकोला शहरास महान येथील काटेपूर्णा प्रकल्पातून पाणीपुरवठा होतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्याने ते किमान एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून वापरतात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील विहिरी व कूपनलिकांचे पाणी खारट असते. ओढ्यांच्या माशांसाठी ते अयोग्य असून तेथे साठविलेले पावसाचे पाणी उपयोगी पडते.

नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच ठेवावे लागतात. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवल्यास परजीवींचा प्रसार टळतो.

वऱ्हाडातील उन्हाळा ही टाकीची खरी कसोटी असते. अकोल्याचे तापमान मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसातच. म्हणून टाकी कूलरच्या खोलीत ठेवणे, हवेचा पंप अखंड चालू ठेवणे व माशांची संख्या कमी राखणे आवश्यक असते. वीज खंडित झाल्यास सर्वप्रथम मल्यासारख्या प्रवाहप्रिय जाती दगावतात.

मासे पुन्हा सोडण्याचा प्रश्न

टाकीतील मासे नको झाल्यावर जवळच्या ओढ्यात सोडण्याची प्रवृत्ती असते. मासा स्थानिक असला तरी हे निर्धोक नसते. वर्धेच्या खोऱ्यातील मासा पेढीत सोडल्यास गोदावरी व तापी या स्वतंत्र खोऱ्यांतील माशांची सरमिसळ होते. विदेशी माशांबरोबर राहिलेला मासा नवे रोग व परजीवी ओढ्यात नेऊ शकतो. तिलापिया व आफ्रिकन मागूर या विदेशी माशांच्या प्रसारामुळे देशभरातील स्थानिक जातींवर ताण आला आहे. वर उल्लेखिलेल्या बहुतेक जाती जागतिक पातळीवर संकटग्रस्त नसल्या, तरी एखादा डोह रिता झाल्यास त्या ओढ्यापुरती जात नाहीशी होऊ शकते. त्यामुळे टाकीत नको झालेले मासे दुसऱ्या छंदिष्टास वा शाळेच्या मत्स्यालयास देणे हाच सुरक्षित मार्ग मानला जातो.